मिलानच्या राजानं धान्य वाटलं नव्हतं

मी चौथी पास आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी शेजाऱ्याला हळूच विचारायला नको. चौथीनंतर खडी फोडली, मग खडी फोडणाऱ्यांवर मुकादम झालो आणि बांधकाम खात्यात एकतीस वर्षं रस्ते केले. माझ्या रस्त्याला खड्डा पडला असेल तर तो पाण्यानं पडला असेल, माझ्यामुळं नाही.

करोनाच्या पहिल्या वर्षी मी मुलाकडं होतो, अ‍ॅमस्टरडॅमला. झुइडओस्ट म्हणतात त्या भागात, सातव्या मजल्यावर. तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत उतरलो आणि मार्चात विमानं बंद झाली. खिडकीतून मेट्रो दिसायची. रिकामी जायची, रिकामी यायची, पण मिनिटाची चूक नाही. कुणालाही न नेणारी गाडी इतक्या वेळेवर जाताना मी जन्मात पाहिली नव्हती. मुलगा आणि सून दोघं कंपनीचं काम घरून करायचे. दोन खोल्या, दोन बंद दारं, आतून इंग्रजी. पहिले आठ दिवस मला वाटत होतं, दोघं एकमेकांशीच भांडतायत.

आमच्यासारखे अडकलेले म्हातारे-म्हाताऱ्या त्या देशात पुष्कळ होते. तिथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी आमच्यासाठी रविवारचा कट्टा काढला. दुपारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनसमोर बसायचं, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अध्यक्ष होते गुरुजी. रायस्वाइक गावी मुलाकडं अडकलेले, निवृत्त मुख्याध्यापक, इतिहासाचे. माणूस वाईट नव्हता. पण शाळा सुटली तरी त्यांच्या हातातला खडू सुटला नव्हता. कुणी ‘करोना झाला’ म्हटलं तरी ‘करोनाची लागण झाली’ असं दुरुस्त करायचे.

एका बँकवाल्या साहेबांनी मानससरोवराचे फोटो दाखवले. एका आजींनी ओव्याचे गुण सांगितले. मग गुरुजी मला म्हणाले, “मुकादम, आता तुम्ही. घाबरू नका, अवघड काही नको. डांबर कसं तापवतात ते सांगा. लोकांना गंमत वाटेल.”

गंमत! माझ्या पायाची कातडी अजून डांबरानं दोन ठिकाणी काळी आहे.

“मी इतिहासावर बोलणार,” मी म्हणालो.

“वा! कुठला? शिवकाळ?”

“तो तुम्हाला पाठ आहे. मी इटलीचा सांगणार.”

 इटली तोंडात आली कारण पुस्तक समोरच्या टेबलावर पडलं होतं. अ‍ॅमस्टरडॅमला लोक घराबाहेर खांबावर काचेचं छोटं कपाट लावतात, त्यात जुनी पुस्तकं. कुणीही घ्यावं, विचारायचं नाही. मी फिरायला गेलो की त्यात डोकावायचो, आणि दोनच दिवसांपूर्वी एक उचलून आणलं होतं. पुस्तकाच्या वरती चित्रात दगडी घोड्यावर एक दगडी माणूस, रोलरवर बसलेल्या ड्रायव्हरसारखा ताठ. तो ताठपणा मला आवडला. पुस्तक डच भाषेतलं, म्हणजे त्यातलं अक्षर मला कळत नव्हतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला.

सून उपयोगी पडली. तिची डच भाषेची परीक्षा लॉकडाऊनमुळं पुढं ढकलली होती आणि वाचनाचा सराव तुटत चालला होता. मी म्हटलं, “रोज जेवणाच्या सुट्टीत हे वाच आणि मला मराठीत सांग. तुझी परीक्षा, माझं भाषण.” मी लसूण सोलायचो, ती वाचायची.

साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा मिलानचा राजा. तिथं त्याला राजा म्हणत नसत, शहराचा धनी म्हणत. पण शहराचा धनी म्हणजे राजाच की. घोड्यावरचा तो दगडी माणूस म्हणजे हाच. जिवंतपणीच स्वतःचा पुतळा करून देवळात, पार देवाच्या वेदीपाशी उभा केला. लोक देवाच्या पाया पडायला वाकले की आपोआप याच्याही पाया पडायचे. पोरं तीसच्या वर, लग्नाची आणि बिनलग्नाची धरून. शिकारीचा नाद असा की पाच हजार कुत्री पाळली होती. एवढी कुत्री वाड्यात कुठं ठेवणार? म्हणून शहरातल्या आणि गावागावांतल्या लोकांच्या घरी वाटून दिली. तुमच्याकडं दोन, तुमच्याकडं चार. दर पंधरा दिवसांनी राजाची माणसं तपासायला येणार. कुत्रं वाळलेलं दिसलं तर दंड. उपाशी ठेवलं म्हणून. कुत्रं अंगानं सुटलेलं दिसलं तरी दंड. फार चारलं, आता पळणार कसं म्हणून.

“आणि मेलं तर?” मी विचारलं.

सुनेनं पान उलटलं. “मेलं तर विचारूच नका, अण्णा.”

मला हा माणूस पटला. लोकांवर जुलूम होता, मान्य. पण तपासणी होती. आमच्या खात्यात तपासणी असती तर अर्धे साहेब घरी बसले असते.

पोपनं एकदा त्याला कडक पत्र पाठवलं. पोप म्हणजे त्यांच्या धर्माचा सगळ्यात मोठा माणूस. पत्र घेऊन दोन मोठे साधू आले. राजानं त्यांना पुलावर गाठलं, खाली नदी भरलेली. पत्र वाचलं आणि विचारलं, “महाराज, खाणार की पिणार?” साधूंनी खाली पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाले, खाऊ. मग राजानं ते पत्रच त्यांना खायला लावलं. कातड्याचा कागद, त्याला रेशमी दोरी, दोरीला शिशाचा शिक्का. सगळं चावून गिळेपर्यंत समोर उभा राहिला. त्या दोघांतला एक पुढं स्वतःच पोप झाला म्हणे. त्या दिवशी आमची आमटी उतू गेली, इतकी सून हसली. आतल्या खोलीतून मुलगा ओरडला, “माझी मीटिंग चालू आहे!”

शेवटी त्याच्या पुतण्यानं त्याला पाडलं. पुतण्या फार देवभोळा, निदान तसं दाखवणारा. हातात माळ, खाली मान. काकाला निरोप धाडला, देवदर्शनाला निघालोय, शहरावरून जाईन, उभ्या उभ्या भेटा. काका खेचरावर बसून, चार माणसं घेऊन वेशीबाहेर गेला. पुतण्यानं मिठी मारली आणि शिपायांना म्हणाला, धरा. किल्ल्यात कोंडला, तिथंच मेला, लोक म्हणतात विषानं. मी दोन दिवस राजावर चिडून होतो. पाच हजार कुत्री आणि वेशीबाहेर जाताना एक सोबत घेता येत नाही?

रविवारी चार वाजता मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो. पुतळा सांगितला, पोरं सांगितली. कुत्र्यांपर्यंत आलो तसे गुरुजी खाकरले.

“पाच हजार, मुकादम? एखादं शून्य जास्त झालं असेल.”

“शून्य मी लावलेलं नाही. पुस्तकात आहे.”

“कुठलं पुस्तक? लेखक? आवृत्ती?”

“निळं पुस्तक.”

कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “ऐका सगळे. मी सांगतोय त्यातला एक शब्द खोटा निघाला तर या कट्ट्यावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही.”

“पाऊल इथं कुणाचंच नाहीये,” बँकवाले म्हणाले, “सगळी तोंडंच आहेत.”

“मग तोंड दाखवणार नाही.”

हे मी बोलून गेलो. घरात दिवसभर मराठीत माझ्याशी बोलायला कुणाला वेळ नव्हता. सून ती अर्धा तास, मुलगा जेवताना. आठवड्यातला तो एक तास होता म्हणून मी दाढी करत होतो. तोच मी पणाला लावून बसलो. पण पत्राची गोष्ट सांगितली, पुतण्याची सांगितली, आणि लोक पुढं सरकून ऐकायला लागले.

शेवटी प्रश्न आला. हार्लेमला लेकीकडं राहिलेल्या एका बाईंचा. त्या कॅमेरा बंद ठेवूनच बसायच्या, काळा चौकोन. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ नागपूरला करोनानं दवाखान्यातच वारला. यांना जाता आलं नाहीच. पण तिथल्या तिथं, चार रस्ते पलीकडं राहणाऱ्या त्याच्या बायकोलाही आत सोडलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर त्या कट्ट्यावर पहिल्यांदाच बोलल्या.

“मुकादम भाऊ, त्या राजाच्या काळात तिथंही साथ आली असेल ना? मग आजारी माणसांचं त्यानं काय केलं?”

साथ आली होती, प्लेगची. पुस्तकात पान होतं. राजानं हुकूम काढला होता की ज्याला गाठ आली त्याला शहराबाहेर शेतात नेऊन ठेवा. तिथं बरा होईल नाहीतर मरेल. बुधवारी हे वाचून सून थांबली होती, आणि मी लसणाची अख्खी पाकळी सालीसकट वाटीत टाकली होती.

आता त्या काळ्या चौकोनाला हे सांगायचं?

“त्यानं कोठारं उघडली,” मी म्हणालो. “दारोदार गहू पाठवला. आजाऱ्यांना ज्याच्या त्याच्या घरात ठेवलं, घरच्यांना बघू दिलं. स्वतः घोड्यावरून गल्लोगल्ली फिरायचा. खालून विचारायचा, कसं आहे आता?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी सुद्धा. “पाहा,” ते म्हणाले, “राज्यकर्ता कसा असावा!” 

कॉल बंद झाला तशी सून स्वयंपाकघरातून आली.

“अण्णा, गहू कुठून आला?”

“कोठारातून.”

“पुस्तकात कोठार नाहीये.”

“राजाकडं कोठार नसतं होय?”

“आणि घोड्यावरून कसं आहे, कसं आहे विचारत फिरणारा?”

“घोडा आहे की पुस्तकात. वरतीच आहे.”

ती कपबशा उचलून गेली. माझ्या वयाच्या माणसाला कपबशांचा आवाज कळतो.

मला वाटलं, संपलं. मंगळवारी गुरुजींचा फोन. मंडळाची स्मरणिका निघणार होती, माझं भाषण त्यात घेणार, माझ्या नावानं. गुरुजींनी ते स्वतः ‘व्यवस्थित’ लिहून काढलं होतं. वाचून दाखवलं. “मिलानचा प्रजावत्सल राजा,” असं सुरू होत होतं. प्रजावत्सल!

“कुत्री कुठायत?” मी विचारलं.

“ती काढली. अविश्वसनीय वाटतात.”

“आणि पत्र खायला लावलं ते?”

“तेही काढलं. कातडं कोण खाईल, मुकादम? राजाच्या प्रतिमेला शोभत नाही. धान्यवाटप मात्र विस्तारानं घेतलंय. गल्लोगल्ली फिरणं तर फारच हृद्य.”

म्हणजे मी खरं सांगितलं ते सगळं खोटं म्हणून गेलं, आणि एकच खोटं सांगितलं ते छापायला निघालं. वर माझं नाव. मी रस्ता करायचो तेव्हा खालचा मुरूम नीट दाबलेला नसला तर वर डांबर पडू द्यायचो नाही, साहेब उभे असले तरी. एकदा तर माझ्याच माणसांनी केलेला अर्धा फर्लांग मी माझ्याच हुकमानं उकरायला लावला होता. म्हटलं, मुकादम, हे उकरायला पाहिजे. फोनवर नको. ज्यांच्यासमोर टाकलं त्यांच्यासमोर.

पुढच्या रविवारी चार वाजता मी गुरुजींना म्हणालो, “आधी मला बोलायचंय. मागच्या खेपेला मी गव्हाचं सांगितलं ते खोटं होतं. राजानं गहू वाटला नाही. आजाऱ्यांना शहराबाहेर काढलं. मी बोललो होतो, एक शब्द खोटा निघाला तर तोंड दाखवणार नाही. तर नमस्कार.”

“थांबा, थांबा,” गुरुजी म्हणाले. “हा तुमचा विनय झाला.”

“विनय माझ्यात नाही. माझ्या मुलाला विचारा.”

“पण गव्हाचं खरंच आहे! मी स्वतः वाचलंय.”

“कुठं?”

“छत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय मी, आता पान नंबर सांगू का?”

बँकवाले म्हणाले, “मीही कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय.”

ओव्याच्या आजी म्हणाल्या, “अहो, मला मोबाइलवर आलंय ना ते. मिलानचा राजा आणि गहू. खाली दोन हात जोडलेले.”

मग कळलं. गुरुजींनी तो मजकूर सोमवारीच कौतुकानं चार ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत शनिवारी त्यांच्याच मेव्हण्याकडून, नाशिकहून, गुरुजींना परत आला होता. त्यांनी मोबाइल स्क्रीनसमोर धरला. “हे पाहा! नाशिकपर्यंत लोकांना माहीत आहे आणि तुम्ही नाही म्हणताय.”

“ते मीच बोललेलं आहे, गुरुजी!”

“यात तुमचं नाव कुठं आहे?”

नाव खरंच नव्हतं.

“तुम्ही पुस्तक वाचलंत का? स्वतः?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“सुनेनं वाचलं, मी ऐकलं.”

“मग! तिची तर अजून परीक्षाही झालेली नाही. तिच्याकडून समजण्यात चूक झाली असेल.”

आतून सुनेचा आवाज आला, “काका, मला ऐकू येतंय!”

“राग मानू नकोस, बाळ. इतिहास अवघड विषय आहे.”

मी म्हटलं, खोटं मी बोललो, मी सांगतोय खोटं आहे, अजून कोण पाहिजे? तेव्हा बँकवाल्यांनी तोडगा काढला, मत घेऊ. राजानं गहू वाटला असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. चौकटीचौकटीतून हात वर गेले. दोघांच्या स्क्रीनवर नुसता हातच दिसत होता. वाटला नाही म्हणणारा मी एकटा. काळ्या चौकोनातून हात दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

“बहुमतानं वाटला,” गुरुजी म्हणाले. “म्हणजे तुम्ही खोटं बोललेला नाहीत. म्हणजे तुम्हाला जाता येणार नाही.”

“मी जाणार.”

“कशाबद्दल?”

“खोटं बोलल्याबद्दल!”

“ते तर तुम्ही बोललाच नाहीत. उलट आत्ता एका चांगल्या राजाला बदनाम करताय, ते मात्र बरं नाही.”

मी तरीही उठलोच असतो, पण तो कॉल बंद कसा करायचा हे मला येत नव्हतं. नेहमी सून करायची. मी हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. “अण्णा, मी नाही बंद करणार. तुम्ही खरं बोललात तर पळता कशाला?” असं म्हणून निघून गेली. मग मी खुर्ची उलटी फिरवली आणि त्या सगळ्यांकडं पाठ करून बसलो. मधुमेहात पायाची काळजी या विषयावरचं अख्खं भाषण मी भिंतीकडं तोंड करून ऐकलं. मध्ये दोनदा गुरुजी म्हणाले, “मुकादम, ऐकू येतंय ना?” मी पाठीनंच मान हलवली.

कट्टा सुटला तसं मी ठरवलं, पुढच्या रविवारी स्क्रीनसमोर बसायचंच नाही. दाढीचं सामानही पिशवीत भरून वरच्या कप्प्यात ठेवलं.

सोमवारी सकाळी फोन वाजला. हार्लेमच्या बाई होत्या. नंबर लेकीनं मंडळाकडून घेतला म्हणाल्या.

“मुकादम भाऊ, काल मी हात वर केला नव्हता. तुम्हाला दिसलं नसेल म्हणून सांगते.”

मी म्हटलं, “ताई, माझं चुकलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलून गेलो.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं. आमच्या भावाच्या वेळी सगळे असंच बोलायचे. छान झोप लागलीये, डॉक्टर देवासारखे आहेत.” मग म्हणाल्या, “मला खरं सांगा. पुस्तकात काय लिहिलंय?”

मी सांगितलं. गाठ आली की शहराबाहेर, शेतात. तिथं जगेल नाहीतर मरेल.

“उघड्यावर?”

“हो.”

“आणि जवळ कुणी?”

ते मला नीट आठवेना. मी सुनेला हाक मारली. तिची मीटिंग चालू होती, तरी ती आली, पुस्तक घेऊन उभ्या उभ्या ते पान काढलं, एक-एक वाक्य वाचून मराठीत सांगत गेली. मी ते तसंच्या तसं फोनमध्ये सांगत गेलो, मधला एक शब्दही माझा नाही. घरच्यांना जायची परवानगी नव्हती. गेलं तर मोठी शिक्षा. पण शुश्रूषेला म्हणून माणसं नेमलेली असायची. फक्त त्यांनी आजाऱ्याजवळ जायचं, बसायचं, पाणी द्यायचं. परत आल्यावर दहा दिवस कुणात मिसळायचं नाही.

“म्हणजे कुणी ना कुणी असायचं,” बाई म्हणाल्या.

“नेमलेलं.”

“दहा दिवस ना? दहा दिवसांचं काय.”  मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं कुणी रेशनच्या दुकानात विचारतं, “नेमणुकीला नाव कुठं द्यायचं असायचं?”

मी सुनेकडं पाहिलं. तिला फोनमधलं ऐकू आलं होतं. ती पुस्तकाची पानं मागं-पुढं करायला लागली. तिकडं तिच्या खोलीत संगणकातून कुणीतरी तिला इंग्रजीत हाका मारत होतं. ती वळली नाही. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, चित्राखालची बारीक अक्षरं वाचली.

“ताई, बघतोय,” मी फोनमध्ये म्हणालो. “ठेवू नका. आम्ही बघतोय.”